नमुना क्रमांक एक्केचाळीस

२४ ऑगस्ट, रविवार

माझी लेक दीपमाला आज दुपारच्या बसने हैदराबादला परत गेली आणि जाताना माझ्या दुकानात तीन नोकर ठेवून गेली. त्यांना चहा लागत नाही, सुट्टी लागत नाही, आणि दुपारी त्यांचा डोळाही लागत नाही. तिघंही टेबलावरच्या संगणकात राहतात. लेक त्यांना एआय एजंट म्हणते. मला एजंट म्हटलं की विम्याचा माणूस आठवतो, म्हणून मी त्यांना बाबांच्या कचेरीतली नावं देऊन टाकली. बाबा तहसीलमध्ये कारकून होते, आमच्या घराण्यात खुर्चीवर बसलेले पहिले. पेशकार, पटवारी, गिरदावर हे शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले.

तर पेशकार आलेल्या निरोपांना माझ्या नावाने उत्तरं देणार. पटवारी दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा फोटो पाहून तिला नंबर देणार आणि चांगली-वाईट ठरवणार. आणि गिरदावर दर रविवारी सगळ्या भागीदारांचा फेरफटका मारून, कोण खूश, कोण नाराज, याचा अहवाल माझ्यापुढे ठेवणार.

मला त्यांची गरज होती हे कबूल करते. मावला गावात गाद्या-उशांचं दुकान चालवणाऱ्या बाईला झोपेची आवड असली की काय होतं, ते जुलैत दिसलं. एका वसतिगृहाचा निरोप माझ्या फोनमध्ये नऊ दिवस पडून राहिला आणि मी त्यांच्याच गाद्या झोपून तपासत होते. आमच्याकडे गादी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी तिच्यावर एक झोप घेते. कुठे गाठ आहे, कुठे रुई विरळ पडली आहे, ते पाठीला जेवढं कळतं तेवढं हाताला कळत नाही. लोक हसतात, पण चौदा वर्षांत एक गादी परत आलेली नाही.

शेवटी पेशकाराने पडद्यावर एक प्रश्न विचारला. ‘कुसुमबाई यांच्याशी असलेल्या आपल्या भागीदारीत कुठेही लिहिलेलं नाही, पण मला माहीत असावं, असं काही आहे का?’ लिहिलेलं तर काहीच नाही. कापूस तिचा, जागा माझी, मेहनत दोघींची, हे चौदा वर्षांपूर्वी बोलून ठरलं ते ठरलं. जेवण झालेलं होतं, पंखा चालू होता, डोळे मिटत होते. मी ‘नाही’ वर बोट ठेवलं आणि आडवी झाले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कुसुमबाई आली होती. जैनथकडच्या तिच्या गावाहून लखनच्या ऑटोत, मांडीवर ताकाची बरणी घेऊन. दर आठवड्याला येतेच. तिला तिघांची ओळख करून दिली. पेशकाराने तिला मराठीत नमस्कार घातला तेव्हा तिने पदर सावरला.

“हे कोन बोलून राह्यलं वं?”

“आपला पेशकार हाये. तुमी काई बोलले का मले सांगते, अन् तुमालेबी उत्तर देते.”

“अन् तू काय करशीन?”

“मी झोपीन.”

“ते तं तू आताबी करतंच.”

दुकानात खोळी शिवणारी भागाबाई हात थांबवून हसली. मग कुसुमबाईने विचारलं, “म्हंजे आता म्या इथं याचं काम नाई?”

“काऊन त्रास घेता? गुडघे दुखतात तुमचे. घरूनच बोलत जा.”

तिने चहा अर्धाच घेतला आणि लवकर निघाली. तिचे एवढे हेलपाटे वाचले, बरं वाटलं असेल तिला.

९ सप्टेंबर, मंगळवार

खरंच छान चाललं आहे. तीन वसतिगृहं, एक लॉज, कापडवाला, बेज्जूरच्या सावरीच्या कापसाची रेणुकाबाई, सगळ्यांना वेळेवर उत्तरं जातात. पेशकार माझ्यापेक्षा गोड बोलतो. कापडवाला म्हणाला, “मॅडम, आप आजकल बहुत अदब से बात करती हैं.” म्हणजे आधी करत नव्हते!

एक गंमत मात्र झाली आहे. झोपायला आता पूर्ण दुपार मोकळी मिळते, आणि झोप येत नाही. नव्या गादीवर पडते, पिंजणाच्या यंत्रातून उडालेली रुई कवडशात तरंगताना पाहते. ती खाली येत नाही, वरही जात नाही. काल असंच पाहता पाहता अर्धवट डोळा लागला. दुकान छतापर्यंत कापसाने भरलं होतं आणि पलीकडून कुसुमबाई हाका मारत होती. मी मोठ्याने म्हणाले, “लिहून पाठवा!” आणि माझ्याच आवाजाने जागी झाले.

मंगळवार असून ती आज आली नाही. ताकाशिवाय जेवण कोरडं गेलं. तिच्या गुडघ्यांना आराम मिळाला असेल.

२१ सप्टेंबर

सकाळी रस्त्याच्या कडेने कपाशीला खाली बोंडं आणि शेंड्याला अजून फुलं दिसली. पहिल्या दिवशी पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. आता पंधरा-वीस दिवसांत कुसुमबाईचं बोंड येईल. इतकी वर्षं झाली तरी या दिवसांत माझं मन परीक्षेच्या निकालाआधीसारखं होतं.

कधीतरी हे लिहून ठेवायला हवं होतं. आमच्या भागात कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी बायका शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादई म्हणतात. मग पहिला कापूस पदरात घेतात. आमचं दुकान सुरू झालं त्या साली कुसुमबाईने शेतातलं पहिलं उमललेलं बोंड देठासकट तोडलं आणि ऑटोवाल्याच्या हाती माझ्याकडे धाडलं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी समजले आणि दुसऱ्या दिवशी दही घेऊन गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिने जरा दबकत विचारलं, “तुमच्यात चालते का हे?” मी म्हटलं, “पूजा नाही चालत, दहीभात चालतो.” ती इतकी हसली की तिच्या हातचा कुंकवाचा करंडा सांडला.

मग तिने पहिलं बोंड माझ्या पदरात टाकलं. माझ्या आईने, रुक्माबाईने, बाबा कारकून असूनही जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. सीतादईच्या दिवशी ती आणि तिच्यासोबतच्या आमच्या बायका पार त्या टोकाला उभ्या राहायच्या. नैवेद्य झाला की त्यांना हाक यायची, ती कामासाठी. त्या दिवशी पदरात ते बोंड पडलं तेव्हा मला आई आठवली आणि मी रडले. कुसुमबाईला वाटलं डोळ्यात कचरा गेला, तिने फुंकर घातली. मी तिला कारण कधीच सांगितलं नाही.

त्या पहिल्या कापसाची सरकी आम्ही दोघी हाताने काढतो आणि एक लहान उशी भरतो. ती विकायची नाही. एका साली तिच्या घरी, दुसऱ्या साली माझ्या. सात तिच्याकडे आहेत, सात माझ्याकडे. यंदाची पंधरावी, तिची पाळी. माझे पती विनय गेले त्या वर्षी बोंड आलं तरी मी घराबाहेर पडले नव्हते. तर तिसऱ्या दिवशी ही बाई कपाशीचं अख्खं झाड मुळासकट उपटून दारात उभी! म्हणाली, “तू येत नाई तं वावर आलं तुयाकडे.”

३ ऑक्टोबर

काल विहारात गेले होते. पांढरं लुगडं, खीर, ओळखीच्या सगळ्या. जैनथकडे पाऊस झाला म्हणे. बोंड उशिराच येणार असं दिसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बेज्जूरहून काल संध्याकाळी परत आले. चार दिवस गेले. पुढच्या उन्हाळ्याच्या सावरीच्या कापसाचं रेणुकाबाईशी बोलायचं होतं. पेशकाराने फोनवर ठरवलं असतं, पण जंगलाचा रस्ता मला आवडतो. बसच्या खिडकीला डोकं टेकून सागाची पानं पाहत जायचं, कधी डोळा लागतो, कधी उघडतो, आणि दोन्हीकडे झाडंच असतात.

रेणुकाबाईने जेवायला वाढलं आणि म्हणाली, “तुमचा फोन लय गोड बोलते बाई. पर जेवाले थांबत नाई.” मला हसू आलं. जुन्या बायकांना यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो.

दुकानात सगळं ठीक. भागाबाईला मी बजावून गेले होते की जे येईल त्याचा फोटो काढायचा आणि ट्रेमध्ये ठेवायचं, त्यात हयगय नको. तिने इमानाने केलं. गिरदावराचा अहवाल लांबलचक होता, प्रवासाने अंग आंबलेलं. वरच्या दोन ओळी पाहिल्या: ‘जैनथ: नमुना मिळाला, उत्तर दिलं, भागीदाराचा प्रतिसाद आला.’ म्हणजे कुसुमबाई नव्या पद्धतीला सरावली. ‘वाचलं’ वर बोट ठेवलं.

१७ ऑक्टोबर

अजून बोंड नाही.

मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं नसतं ते. विचारून आलं तर मग त्यात काय राहिलं? रोज दही मात्र विरजते आणि रोज भागाबाईला देऊन टाकते. ती म्हणाली, “बाई, एवढं दही काऊन?” मी म्हटलं, उष्णतेसाठी.

दुपारी पडले होते. स्वप्नात मी जैनथच्या बसमध्ये होते आणि खिडकीतून कुसुमबाईचं शेत दिसत होतं. ती धुऱ्यावर ताट घेऊन बसली होती. बस थांबत नव्हती. पुढे गेली की पुन्हा तेच शेत, तीच ती, तेच ताट. कंडक्टरला म्हटलं थांबवा, तर तो म्हणाला, आपली विनंती नोंदवली आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी आली आणि गेली. कुसुमबाईकडून चिवड्याचा डबा आला नाही. पेशकाराने तिला माझ्या वतीने शुभेच्छा पाठवल्या होत्या, फार सुंदर लिहिल्या होत्या. अहवालात जैनथपुढे ‘नमुना उत्तम, भागीदार समाधानी’ असं आहे. समाधानी आहे तर मग चिवडा का नाही?

खरं सांगायचं तर मला राग येऊ लागला आहे. आता तिला माझी काय गरज, असं मनात येतं. जिनिंगवाले थेट गावात गाड्या पाठवतात म्हणे. पंधराव्या वर्षी तिला बोंड पाठवण्याचा कंटाळा आला असेल. कुणालाही येऊ शकतो.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी निरोप आला. तिची सून भाग्यलक्ष्मी तिचे निरोप टाइप करून देते. ती माहेरची तेलुगू, तिचं मराठी शाळेतल्या धड्यासारखं सरळ येतं. ‘आता माझ्याकडून होत नाही. पुढल्या वर्षी दुसरीकडे पाहून घ्या.’

पाहून घ्या. चौदा वर्षं ती मला अगं-तुगं करत आली.

पेशकाराने कामाची यादी समोर ठेवली: कुसुमबाईंशी सन्मानाने भागीदारी संपवण्याचा मसुदा, आणि कापसासाठी तीन नवे शेतकरी. खाली एक ओळ होती: ‘यातलं काहीही पाठवण्याआधी आपण कुसुमबाईंना प्रत्यक्ष भेटावं असं मी सुचवतो.’ दीपमालाला फोन केला. ती म्हणाली, “आई, तो बरोबर सांगतोय. जाऊन ये.” मी म्हटलं, “मी का जाऊ? तिनं लिहिलंय.” आणि फोन ठेवला. भांडायला तरी ती यायला हवी होती. मी पंधरावी उशी शिवून ठेवली आहे, निळ्या फुलांच्या कापडाची, तिला निळा आवडतो म्हणून. रिकामी खोळ कपाटात पडली आहे. ही भागीदारी गेली तर दुकान कसंही चालेल, कापूस काय कुठेही मिळतो. पण मंगळवारी माझ्यावर हसणारं कोण राहील?

९ नोव्हेंबर, रविवार

संगणक बंद करून लिहायला बसले आहे.

सकाळी लखन लॉजच्या उशा न्यायला ऑटो घेऊन आला. तीन लेकरांचा बाप, बोलायला मोकळा. गठ्ठा उचलता उचलता म्हणाला, “बाई, औंदा तुमी आले नाई. कुसुममायनं लय वाट पाह्यली.”

“बोलावलंच नाई तं कशी येऊ?”

तो गठ्ठा तसाच धरून उभा राहिला. “असं कसं? तीन डाव बोंड आनून देल्लं न म्या. भागाबाईच्या हातात.”

भागाबाई मशीनवरून उठली, नमुन्यांचा ट्रे घेऊन आली. कापडाचे तुकडे, दोऱ्यांची रिळं, सावरीची पुडी, आणि त्यांच्यामध्ये तीन बोंडं. प्रत्येकाच्या देठाला चिठ्ठी बांधलेली. ४१. ४४. ४७. “तुमीच म्हनलं व्हतं, जे येईन त्याचा फोटो काढ,” एवढंच ती म्हणाली. तिचं काय चुकलं?

मी संगणक उघडून सगळे निरोप पहिल्यापासून वाचले. माझ्या नावाने गेलेले.

नऊ ऑक्टोबर, मी बेज्जूरला होते तेव्हा: ‘नमुना क्रमांक ४१ मिळाला. देठ हिरवं असून फोटोवरून ओल जास्त दिसते. कृपया वाळवून पाठवावा. आपली, प्रतिभा.’

तिचं उत्तर: ‘बरं.’

चौदा ऑक्टोबर: ‘नमुना क्रमांक ४४ वाळलेला आहे, परंतु बोंड लहान आहे. मोठं असल्यास पाहता येईल. आपली, प्रतिभा.’

तिचं उत्तर: ‘शोधते.’

वीस ऑक्टोबर: ‘नमुना क्रमांक ४७, दर्जा उत्तम. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली, प्रतिभा.’

याला तिने उत्तर दिलेलं नाही.

आणि तिन्ही अहवालांत, मी न वाचलेल्या खालच्या भागात, गिरदावराने लिहून ठेवलं होतं: ‘या भागीदार माल न पाठवता एकच बोंड पाठवत आहेत. त्यामागचं कारण मला माहीत नाही. आपण त्यांच्याशी बोलून घ्याल का?’ तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा माझी खूण: वाचलं.

त्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं. पण त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की लिहिलेलं नाही असं काही आहे का. नाही असं मीच सांगितलं होतं.

दही विरजून ठेवलं आहे. उद्या पहिल्या बसने जाते.

१० नोव्हेंबर, सोमवार

जैनथच्या बसमध्ये दह्याचं गाडगं मांडीवर धरून बसले. अर्धं लुगड्यावर सांडलं. धुकं होतं. पैनगंगेकडून येणारं ते धुकं दोन्ही बाजूंच्या कपाशीवर पसरलं होतं, आणि कापूस कुठला, धुकं कुठलं, ते कळत नव्हतं. मला वाटत होतं की मी अजून जागीच झालेली नाही आणि दुकानातल्या गादीवर आहे. पण दह्याचा वास खरा होता.

ती शेतातच होती. दुसरा वेचा चालू होता, चार बाया ओळीने पुढे सरकत होत्या आणि कुसुमबाई सगळ्यांच्या मागे, कमरेला ओटी बांधून. मला पाहून थांबली नाही.

“दही कायले आनलं? झाली सितादई.”

“मालूम हाये.”

“पयला येचा झाला. आता झाडाले परत लावता येते का?”

“नाई येत.”

ती वेचत राहिली. मी तिच्या ओळीच्या बाजूने चालत राहिले. ओळीच्या टोकाला ती बोलली, माझ्याकडे न पाहता.

“पयलं बोंड धाडलं तं तू म्हनली वलं हाये. मले वाटलं, बाई मस्करी करून राह्यली. दुसरं दोन दिवस उनात ठेवलं, मंग धाडलं. तं लहान हाये म्हनली. सारं वावर हिंडली वं म्या त्या तिसऱ्यासाठी. गुडघे धरून धरून. ते पास झालं.” इथे तिने ओटीतला कापूस खाली दाबला. “मले लय खुशी झाली. भाग्यलक्ष्मीनं दोनदा वाचून दाखोलं. दुसऱ्या दिशी भात केला, धुऱ्यावर येऊन बसली. बाया म्हने, करा आता सुरू, उन वाढून राह्यलं. म्या म्हनलं, प्रतिभा येते. दुपार कलली तवा मंग एकलीनंच केलं.”

“ते म्या नाई लिवलं, कुसुमबाई.”

“खाली नाव तुयं व्हतं.”

मी म्हटलं, “हो. नाव माहंच व्हतं. मशीननं मले आधीच इचारलं व्हतं, आपल्या दोघींचं अजून काई हाये का, सांगून ठेव. म्या नाई म्हनलं.”

आता ती थांबली. “काऊन?”

खरं तेच सांगितलं. “झोप येत व्हती.”

कुसुमबाईने माझ्याकडे पाहिलं. चेहरा रागाचाच होता, ओठ घट्ट मिटलेले. मग त्या ओठांचं एक टोक हललं. “झोप येत व्हती,” ती बायांकडे वळून मोठ्याने म्हणाली. “आयका वं! चौदा सालाची भागीदारी, अन् हिले झोप येत व्हती!” बाया हसायला लागल्या, मग तीही हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. कचरा गेला असं ती म्हणाली नाही आणि मी फुंकर घातली नाही.

तेव्हा मी तिला आईची गोष्ट सांगितली. रुक्माबाई कुठे उभी राहायची, तिला कोणत्या कामासाठी हाक यायची, आणि पहिल्या वर्षी मी का रडले होते ते. चौदा वर्षं पोटात ठेवलेलं पाच मिनिटांत बोलून झालं. ती मान खाली घालून ऐकत होती. “आमच्याबी वावरात तसंच व्हतं,” ती हळूच म्हणाली. “माया सासूच्या टाइमाले.”

मग ती ओळ सोडून आत गेली, झाडं हाताने बाजूला करत, वाकून शोधत. परत आली तेव्हा तिच्या हातात एक बोंड होतं, नुकतंच उमललेलं, देठ हिरवंगार, दवाने चिंब.

“हे वलं हाये,” ती म्हणाली. “लहानबी हाये. सांगून ठेवते. घेतं का?”

मी पदर पसरला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी लखनच्या ऑटोतून ताकाची बरणी उतरली आणि तिच्यामागून कुसुमबाई. भागीदारी संपवायचा मसुदा मी सकाळीच काढून टाकला होता. त्याचा विषय तिनेही काढला नाही. संगणकाकडे पाहून म्हणाली, “राम राम पेशकारसाहेब, जेवले का?” त्याने नमस्कार केला आणि काय मदत करू असं विचारलं. “काई नको. बसा तुमी,” ती म्हणाली.

पेशकाराला त्या ऑगस्टातल्या प्रश्नाचं उत्तर आज दिलं. ‘हो, आहे’ असं कळवलं. त्याने विचारलं, काय आहे? मी बराच वेळ लिहीत होते, बोंड, दही, आई, सात आणि सात उशा, आणि मग सगळं पुसून एकच ओळ ठेवली: कुसुमबाईंचं काहीही आलं तर उत्तर देऊ नकोस, मला झोपेतून उठव. ‘समजलं,’ असं त्याने लिहिलं.

मग आम्ही दोघी लॉजसाठी भरलेल्या नव्या गादीवर बसून सरकी काढायला लागलो. तिने पहिल्या वेच्यातला कापूस आणला होता, आणि कालचं बोंड व ट्रेमधली तिन्ही, चिठ्ठ्या तोडून, मी त्यात टाकली. रुई कवडशात तरंगत होती. ती सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, आणि दिवाळीत माझ्यासाठी केलेला चिवडा रागाने एकटीनेच संपवला त्याबद्दल सांगत होती. मी हं हं करत होते. निळ्या खोळीत हळूहळू कापूस जात होता.

कधी डोळा लागला ते कळलं नाही. अडीच महिन्यांत पहिल्यांदा अशी गाढ झोपले, स्वप्नसुद्धा पडलं नाही. जाग आली ती खांद्याला कुणीतरी हलवलं म्हणून. डोक्याखाली निळ्या फुलांची उशी होती, अर्धीच भरलेली, आणि कुसुमबाई मांडीवर सरकीचा ढीग घेऊन तिथेच बसली होती.

“उठ वं,” ती म्हणाली. “औंदाची उशी माई हाये.”